सशाच्या लघवीचा रंग बदलला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्यांदा लाल लघवी बघितली की पोटात गोळा येतोच. आमचा ससा चिकू तेव्हा आठ महिन्यांचा होता, सकाळी त्याचा लघवीचा ट्रे ओढला तर पांढऱ्या टिश्यूवर विटकरी-लाल डाग, आणि चिकू शेजारी बसून मस्त गवत चावतोय. त्याला काहीही झालेलं नव्हतं. काही वर्षांनी आमच्या सशीच्या, पिठीच्या, ट्रेमध्ये लाल दिसलं तेव्हा "चिकूचं होतं तसंच असेल" म्हणून मी ते जवळजवळ तीन आठवडे सोडून दिलं, आणि ते मात्र खरंच रक्त होतं. हे दोन लाल वेगळे कसे ओळखायचे हेच लोक मला सगळ्यात जास्त विचारतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय.

सशाच्या लघवीचा नॉर्मल रंग नक्की कुठला?

एकच असा रंग नाहीये. फिकट पिवळा, गडद पिवळा, केशरी, चहासारखा तपकिरी, विटकरी, अगदी लाल, हे सगळे ठणठणीत सशाचे रंग असू शकतात. आणि लघवी गढूळ असणं हेही सशांमध्ये नॉर्मलच आहे. कुत्रा किंवा मांजर पाळलेल्या माणसाला हे पचायला जड जातं कारण तिकडे लाल दिसलं की सरळ डॉक्टर. सशात मात्र एकाच आठवड्यात सोमवारी पिवळी, बुधवारी केशरी आणि शनिवारी परत पिवळी असं होऊ शकतं, आणि एकाच ताटातलं खाणाऱ्या दोन सशांची लघवी दोन रंगांची असू शकते. त्यामुळे दुसऱ्याच्या सशाशी तुलना करू नका, आपल्या सशाचं नेहमीचं काय आहे ते डोक्यात ठेवा.

रक्त नसेल तर लाल रंग येतो कुठून?

रंगद्रव्यांमधून. काही रंगद्रव्यं खाण्यातल्या झाडपाल्यातून येतात आणि काही, म्हणजे पॉर्फिरिनसारखी, शरीरातच तयार होतात, ती लघवीवाटे बाहेर पडतात. बीट, गाजर, कोबीच्या जातीतल्या भाज्या, डँडेलियनची पानं असं काही खाल्लं की बऱ्याच सशांची लघवी लाल-केशरी होते, पण सगळ्यांची होईलच असं नाही, आणि तीच भाजी पुढच्या वेळी दिली तर काहीच होत नाही असंही घडतं. अँटिबायोटिकचा कोर्स चालू असताना, थंडी पडली की, घर बदललं किंवा नवीन ससा आणला अशा ताणाच्या दिवसांतही रंग बदलतो. सहसा तीन-चार दिवसांत परत नेहमीसारखं होतं, कधी थोडे दिवस जास्त लागतात.

अजून एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. कधीकधी लघवी बाहेर पडताना पिवळी असते आणि हवेत राहून राहून गडद होत जाते. मी एकदा मुद्दाम लक्ष ठेवून बघितलं, चिकूने टिश्यूवर केली तेव्हा साधी पिवळी होती, दुपारी तोच डाग गंजलेल्या लोखंडासारखा दिसत होता. म्हणजे सकाळी ट्रेमध्ये दिसणारा लाल डाग रात्रीचा असेल तर तो रंग रात्री तसाच होता असं धरून चालू नका, ताजी लघवी बघा.

मग हे रक्त आहे की नुसता रंग, घरी कसं ओळखायचं?

शंभर टक्के खात्री घरी होत नाही, पण अंदाज बऱ्यापैकी येतो. सगळ्यात आधी ट्रेमधलं लिटर (लघवी शोषायला टाकलेले पेलेट्स किंवा भुसा) काढून टाका आणि पांढरा टॉवेल किंवा पांढरे टिश्यू पसरा, कारण रंगीत पेलेट्सवर किंवा लाकडाच्या भुशावर काहीच कळत नाही. मग ताजा डाग नीट, उजेडात बघा. रंगद्रव्य असेल तर अख्खं डबकं एकसारख्या रंगाचं असतं, कडेपासून मधोमधपर्यंत, जणू पाण्यात रंग कालवलाय. रक्त असेल तर बहुतेकदा ते मिसळलेलं नसतं, पिवळ्या डबक्यात लाल रेघ, वेगळे थेंब, किंवा छोटी गुठळी असते, आणि पिठीच्या बाबतीत तर आधी पिवळी लघवी आणि शेवटी तीन-चार गडद लाल थेंब असं स्पष्ट दिसत होतं, मी नीट बघितलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. मूत्राशयातच रक्त येत असेल तर मात्र ते लघवीत पूर्ण मिसळून सगळंच गुलाबी-लाल दिसू शकतं, त्यामुळे "एकसारखा रंग आहे म्हणजे रक्त नाहीच" असंही म्हणता येत नाही.

मेडिकलमध्ये लघवी तपासायच्या स्ट्रिप्स मिळतात, त्यात रक्ताचा एक चौकोन असतो. ताजी लघवी, स्वच्छ भांडं, आणि पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच रंग वाचायचा. नुसतं रंगद्रव्य असेल तर तो चौकोन बदलत नाही. पण भांडं ब्लीचने धुतलं असेल आणि ते नीट खळबळलं नसेल तर स्ट्रिप रक्त नसतानाही रक्त दाखवते, हे लक्षात असू द्या. आणि उलट बाजूने, स्ट्रिप एकदा निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होऊ नका, विशेषतः मादी असेल तर, कारण गर्भाशयातून येणारं रक्त रोज येत नाही. आज आलं, मग चार दिवस काहीच नाही, मग परत. मी ह्यातच फसले होते.

डॉक्टरांकडे मायक्रोस्कोपखाली लाल पेशी दिसतात की नाही ते बघतात, तिथे विषय संपतो. काही डॉक्टर अल्ट्राव्हायोलेट दिव्याखालीही धरून बघतात, पॉर्फिरिन असेल तर ते चमकतं.

माझी सशी मोठी झालीय, तिला पाळी आली असेल का?

नाही. सशांना पाळी येत नाही. हे मी ठळक सांगतेय कारण "पाळी असेल" म्हणून महिने घालवलेले लोक मला भेटलेत. सशाच्या मादीत नराशी संबंध आल्यावरच बीज बाहेर पडतं, माणसासारखं महिन्याचं चक्र नसतं, त्यामुळे मादीच्या मागून रक्त दिसलं तर ते कधीच नॉर्मल नसतं.

ऑपरेशन न झालेल्या मादीत रक्त दिसलं की पहिला संशय गर्भाशयावर. सशांच्या माद्यांमध्ये गर्भाशयाचा कॅन्सर फार म्हणजे फारच कॉमन आहे, काही जातींमध्ये ४ वर्षांच्या पुढच्या निम्म्याहून जास्त माद्यांना होतो असं आढळलंय. कॅन्सरच असेल असंही नाही, गर्भाशयाच्या आतल्या अस्तराची वाढ असते, तिथल्या रक्तवाहिन्या फुगून फुटतात, गर्भपात झालेला असू शकतो. पण ह्यातलं काहीही वाट बघून बरं होण्यासारखं नाही. रक्तवाहिनी फुटली तर थोड्या वेळात इतकं रक्त जातं की ससा हातचा जाऊ शकतो.

पिठी तेव्हा पाच वर्षांची होती, ऑपरेशन केलेलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी एका दवाखान्यात फोन केला, तिथे न बघताच "सशांचा रंग बदलतो, काळजी करू नका" सांगितलं आणि मलाही तेच ऐकायचं होतं. ती खात होती, पळत होती, काहीच वेगळं नव्हतं, हेच तर ह्या आजाराचं अवघड आहे की ससा शेवटपर्यंत बरा दिसतो. सोनोग्राफीत गाठ दिसली. छातीचा एक्स-रे काढला, कारण हा कॅन्सर फुफ्फुसात पसरतो, नशिबाने पसरलेला नव्हता, पिशवी काढली आणि पिठी पुढे तीन वर्षं राहिली. मी तीन आठवड्यांऐवजी तीन महिने थांबले असते तर काय झालं असतं हा विचार आजही येतो. मादी असेल तर ४ ते ६ महिन्यांची झाल्यावर सशांचं ऑपरेशन करण्याचा अनुभव असलेल्या डॉक्टरांशी ह्याबद्दल बोलून घ्या, एवढीच विनंती.

लघवी दुधासारखी पांढरट येते आणि वाळली की खडूसारखी पावडर राहते, हे काय आहे?

कॅल्शियम. सशाचं शरीर कॅल्शियम वेगळ्या पद्धतीने हाताळतं. आपलं शरीर गरजेपुरतं कॅल्शियम आतड्यातून आत घेतं, सशाचं मात्र खाण्यात जेवढं असेल त्या प्रमाणात आत घेत जातं आणि जास्तीचं किडनीवाटे लघवीत सोडून देतं. बहुतेक सस्तन प्राण्यांत खाल्लेल्या कॅल्शियमपैकी २ टक्क्यांहून कमी लघवीतून जातं, सशात ते ४५ ते ६० टक्के असतं. शिवाय सशाची लघवी अल्कलाइन असते, पीएच साधारण ८ ते ९, त्यात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण तयार होतात आणि लघवी गढूळ दिसते. थोडी पांढरट झाक, वाळल्यावर पातळ पांढरा थर, हे चालतं.

तो थर खरंच खडूच आहे हे बघायचं असेल तर रिकाम्या ट्रेमधल्या वाळलेल्या डागावर पांढरं व्हिनेगर ओता, बारीक बुडबुडे येऊन फसफसतं. ट्रे साफ करायची पद्धतही हीच, अर्धा तास व्हिनेगर ठेवा आणि घासा, साबणाने तो थर अजिबात निघत नाही. नंतर साध्या पाण्याने धुवून वाळवा. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधीच करू नका, विषारी गॅस होतो.

मग ह्यात काळजी कधी करायची?

लघवी पातळ न राहता घट्ट झाली तर. टूथपेस्टसारखी किंवा ओल्या सिमेंटसारखी, बोटांत घेतली तर रवाळ लागते, ट्रेमध्ये एका जागी पांढरा-करडा गोळा पडलेला दिसतो. ह्याला गाळ म्हणतात, मूत्राशयाच्या तळाशी तो साठत जातो. कधीकधी फसवणूक अशी होते की वरची लघवी अगदी स्वच्छ येते आणि गाळ आतच राहतो. पुढे खडा होऊ शकतो. अशा वेळी ससा ट्रेमध्ये बराच वेळ पाठ वाकवून बसतो, शेपटी उचलतो पण थेंबथेंबच येते, ट्रे सोडून भलतीकडे करायला लागतो, मागचे पाय आणि पोटाखालचे केस ओले राहतात, कातडी लाल होऊन केस झडतात. दात खाण्याचा आवाज येत असेल तर त्याला दुखतंय.

एक्स-रेमध्ये हा गाळ आणि खडे पांढरे ठळक दिसतात. मग सलाइन, दुखण्याचं औषध, भूल देऊन मूत्राशय धुणं किंवा खड्याचं ऑपरेशन, जे लागेल ते डॉक्टर ठरवतात. घरी पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न कृपया करू नका, आत खडा अडकलेला असेल तर मूत्राशय फाटू शकतं.

म्हणजे कॅल्शियमवाल्या भाज्या पूर्ण बंद करू का?

नको. हे सगळ्यात जास्त चुकीचं केलं जातं. सशाचे दात आयुष्यभर वाढत असतात, त्यांना आणि हाडांना कॅल्शियम लागतंच, एकदम तोडलं तर दातांचं दुखणं मागे लागतं. आणि नुसत्या कॅल्शियमने गाळ होत नाही, तेवढंच खाणारे कितीतरी ससे आयुष्यभर ठीक असतात. कमी पाणी, जाडेपणा, दिवसभर पिंजऱ्यात बसून राहणं, सांधे दुखतात म्हणून नीट उकिडवं न बसता येणं, घाण ट्रे म्हणून लघवी धरून ठेवणं, ह्या सगळ्याचा हात असतो.

करायचं काय तर खाण्यात मुख्य भाग सुकं गवत, टिमोथीसारखं. अल्फाल्फात कॅल्शियम खूप असतं, ते वाढत्या पिल्लांना ठीक आहे, साधारण सहा-सात महिन्यांनंतर हळूहळू बंद करा. खायचे पेलेट्स मोजून. ओल्या पाल्यातून पाणी पोटात जातं म्हणून पाला चालू ठेवा, फक्त रोज केल किंवा पार्सलीच असं नको, बदलून बदलून द्या. मिनरलचे चाटायचे ठोकळे आणि व्हिटॅमिनचे ड्रॉप्स धडधाकट सशाला लागत नाहीत, व्हिटॅमिन डी जास्त झालं तर उलट शरीरात नको तिथे कॅल्शियम साठतं.

लघवी अगदी पाण्यासारखी स्वच्छ येते, हे चांगलं ना?

वयावर आहे. लहान पिल्लांची स्वच्छच असते कारण कॅल्शियम हाडं वाढवण्यात जातंय. गाभण किंवा दूध पाजणाऱ्या मादीचीही तशीच, तेच कारण. मोठ्या सशाची मात्र अचानक सतत स्वच्छ यायला लागली, आणि सोबत पाणी भरपूर पितोय, ट्रे लवकर भरतोय, वजन उतरतंय असं असेल तर किडनी तपासून घ्या. ई. क्युनिक्युली नावाचा एक सूक्ष्म परजीवी सशांच्या किडनीत आणि मेंदूत घर करतो, त्याचे बीजाणू लघवीतूनच दुसऱ्या सशात जातात, त्यात मान वाकडी होणं, तोल जाणं हेही दिसू शकतं. रक्ताच्या तपासणीतून किडनीचा अंदाज येतो. एखाद्या दिवशी कलिंगडाचा तुकडा खाऊन स्वच्छ झाली तर त्याचं काही नाही.

लघवी गडद, कमी आणि वासाची येते. पाणी कमी पडतंय का?

बहुतेक तेच. ससा दिवसाला किलोमागे साधारण ५० ते १५० मिली पाणी पितो, म्हणजे दोन किलोच्या सशाला ३०० मिलीसुद्धा जास्त नाही. पाला भरपूर असेल तर प्यायचं पाणी कमी दिसेल. बाटली लावली असेल तर सोबत एक जड वाडगा ठेवून बघा, उघड्या भांड्यातून ससे जास्त पितात, आणि बाटलीच्या तोंडातली गोळी अडकून पाणीच येत नसणं ही तर इतकी साधी गोष्ट आहे पण आधी तीच बोट लावून तपासा. पाला धुवून न झटकता ओलाच द्या. दोन दिवसांत फरक पडला नाही किंवा खाणं कमी झालं तर डॉक्टर.

सरळ उठून डॉक्टरकडे कधी जायचं?

जोर करतोय पण लघवी येतच नाही, तर आत्ता, रात्र असली तरी. १०-१२ तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत तर आत्ता, मग लघवीचा रंग कसाही असो, सशाचं पोट थांबणं हे जिवावरचं असतं. गुठळ्या किंवा ताजं लाल रक्त दिसलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या, ससा गार लागतोय, कोपऱ्यात गोळा होऊन बसलाय, तेव्हाही थांबायचं नाही. मादीत नुसते थोडे लाल थेंब असतील आणि ती मजेत असेल तर त्याच रात्री धावायची गरज नाही, पण दुसऱ्या दिवशीची अपॉइंटमेंट घ्या, पुढच्या आठवड्याची नको.

नुसती एकसारखी केशरी-लाल लघवी आहे, ससा खातोय, उड्या मारतोय, लेंड्या गोल आणि भरपूर आहेत, तर दोन-तीन दिवस थांबून बघायला हरकत नाही. आठवड्याने तशीच असेल तर सॅम्पल तपासून घ्या.

घरात अँटिबायोटिक पडलंय, इन्फेक्शन समजून देऊ का?

कधीही नको. अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिनच्या जातीतली औषधं, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, ही तोंडाने दिली तर सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात, विषारी जंतू वाढतात आणि ससा मरू शकतो. माणसाला आणि कुत्र्याला चालणारं औषध आहे म्हणून सशाला चालेल असं नसतं.

सॅम्पल कसं गोळा करायचं, आणि जाताना सोबत काय न्यायचं?

ट्रे गरम पाण्याने धुवून कोरडा करा, लिटर न टाकता रिकामा ठेवा. बरेच ससे रिकाम्या ट्रेमध्ये बसत नाहीत, तर एका टोकाला थोडं गवत ठेवा आणि ट्रे किंचित तिरका ठेवा म्हणजे लघवी खालच्या कोपऱ्यात जमते, सुई नसलेल्या सिरिंजने ओढून स्वच्छ डबीत भरा. एक-दोन तासांत द्या, उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवा आणि किती वाजताची आहे ते डबीवर लिहा. जंतू तपासायचे असतील तर ट्रेमधली लघवी उपयोगाची नाही, डॉक्टर सुईने थेट मूत्राशयातून घेतात.

डागाचे फोटो न्या, ताजा असतानाचा एक आणि काही तासांनंतरचा एक. गेल्या तीन दिवसांत काय काय खाल्लं ते लिहून न्या, कारण तिथे गेल्यावर बीट कधी दिलं होतं ते आठवत नाही. वजन माहीत असेल तर तेही सांगा.

आणि सशाला उपाशी नेऊ नका. भूल द्यायची म्हणून रात्रीपासून खाणं बंद करा असं कुणी सांगितलं तर परत विचारा, ससा उलटी करूच शकत नाही आणि उपाशी ठेवलं की त्याचं पोट थांबतं. खोक्यात मूठभर गवत टाका, जोडीदार ससा असेल तर त्यालाही सोबत घ्या. पिठीच्या ऑपरेशनच्या दिवशी चिकूला घरी ठेवलं होतं, ती परत आली तेव्हा दवाखान्याच्या वासामुळे तो तिला ओळखेना आणि दोघांना परत जवळ आणायला आम्हाला आठवडा लागला.